उन्हाळ्यातली पाहणी सड्याला न्याय देत नाही

बॉक्साइटच्या प्रस्तावित खाणीच्या जागेवर 'गवत आणि विरळ झुडपांशिवाय काही नाही' असं तिच्या पर्यावरण अहवालात लिहिलंय, त्याबद्दल थोडं. पाहणी कोणत्या महिन्यात झाली, हे आधी बघा. खाणींच्या पर्यावरण अभ्यासासाठी बहुधा पावसाळा सोडून एका हंगामाची माहिती मागतात, आणि कोकणातले, कोल्हापूरकडचे सडे, म्हणजे कातळाची सपाट पठारं, जिवंत होतात ते नेमके पावसात! मार्चमध्ये तिथे काळा कातळच दिसणार.

दीपकाडी पहिल्या पावसानंतर काही आठवडेच फुलते. गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू या रानफुलांचा बहर नंतरचा. म्हणून जून, ऑगस्ट आणि ऑक्टोबर अशा किमान तीन फेऱ्या हव्यातच. शिवाय सडा म्हणजे एकच अधिवास नव्हे. पाणी साचणारी उथळ डबकी, कातळातल्या भेगा, बोटभर मातीचे पट्टे, कडेची झुडपं, प्रत्येक ठिकाणचा वनस्पतीसमूह वेगळा. वनस्पती मोजण्यासाठी एक मीटरचे चौकोन या प्रत्येक जागी वेगवेगळे आखायला हवेत. रस्त्याजवळ दहा चौकोन टाकून काढलेली सरासरी मला तरी मान्य नाही.

सातबाऱ्यावर 'पोटखराबा', म्हणजे लागवडीला अयोग्य, लिहिलं की जमीन निरुपयोगी वाटते, याचं फार वाईट वाटतं. 'नंतर झाडं लावू' हेही उत्तर नव्हे. कातळ खणून काढल्यावर ही इवलीशी रोपं रुजणार कशावर? जनसुनावणीत पाहणीच्या तारखा आणि चौकोनांचा नकाशा लेखी मागा.