मदत हवी आहे: ‘द अदर स्टोरी’ या चित्रप्रदर्शनाचा कॅटलॉग मुंबई-पुण्यात कुठे पाहता येईल?

गोव्यातल्या साळगावचे चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा यांच्यावर लेख लिहितोय. १९८९ साली लंडनच्या हेवर्ड गॅलरीत रशीद आराईन यांनी भरवलेल्या या प्रदर्शनात सूझांची चित्रं होती. ब्रिटिश आधुनिक कलेच्या इतिहासात आफ्रिकी-आशियाई चित्रकारांची जागा ठामपणे मागणारं हे प्रदर्शन. त्यावर ऐकीव माहितीवरून लिहायचं नाही.

नेटवर परीक्षणंच सापडली. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात कॅटलॉग नाही, जुनी प्रत विकत घेणं परवडत नाही. लंडनच्या टेट या कलासंग्रहालयाकडचं सूझांचं १९५९चं ‘क्रुसिफिक्शन’ हे चित्र त्यांच्या संकेतस्थळावर पाहिलंय. हवी आहे ती फक्त प्रदर्शनातल्या सूझांच्या चित्रांची यादी. त्या पानांचे फोटोही चालतील. सभासद नसलेल्यांना बसून वाचू देणाऱ्या एखाद्या ग्रंथालयात हा कॅटलॉग कुणी स्वतः पाहिला आहे का?