आवडते चित्रपट पाहायला आज लेझरडिस्क प्लेअर घ्यावा का? माझं मत: घ्यावा

मागची_रांग

मी लेझरडिस्क प्लेअर घ्यायचं ठरवलं आहे. ज्याला सांगितलं त्याने आधी "आता कशाला?" हेच विचारलं. म्हणून कारणं इथे मांडतो. विरोध जरूर करा, फक्त आधी पूर्ण वाचा.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: लेझरडिस्क म्हणजे ग्रामोफोनच्या एलपीएवढी, ३० सेंटिमीटर व्यासाची चकचकीत तबकडी. १९७८ च्या डिसेंबरमध्ये ती अमेरिकेत विक्रीला आली. दिसायला सीडीची थोरली बहीण, पण तिच्यावरचं चित्र डिजिटल नाही, ॲनालॉग आहे. एका बाजूवर साधारण तासभर मावतं, म्हणजे दोन तासांच्या चित्रपटात मध्ये उठून तबकडी उलटावी लागते. चित्र व्हीएचएस व्हिडिओ कॅसेटपेक्षा बरंच स्वच्छ, ब्लू-रेच्या मात्र जवळपासही नाही. हे सगळं मला माहीत आहे.

मला हवं आहे ते वेगळंच. चित्रपट नव्याने बाजारात येतो तेव्हा तो तसाच्या तसा येत नाही. कुणीतरी बसून त्याचे रंग पुन्हा ठरवतं, फिल्मचा दाणा पुसतं, मोनो आवाज पाच दिशांना वाटतं. कधीकधी प्रसंगच बदलतात. सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण 'स्टार वॉर्स'चं. १९७७ साली लोकांनी पाहिलेला चित्रपट १९९७ मध्ये बदलला गेला, पुढे आणखी बदलला. २००६ मध्ये मूळ रूप डीव्हीडीवर दिलं, तेही जोडतबकडी म्हणून, आणि त्यासाठी वापरलं १९९३ च्या लेझरडिस्कसाठी बनवलेलं मास्टर, म्हणजे जिच्यावरून तबकड्या काढतात ती प्रत! म्हणजे अधिकृत डीव्हीडीलाही शेवटी लेझरडिस्कच्याच दारात जावं लागलं.

माझं स्वतःचं दुखणं लहान आहे. माझ्या एका लाडक्या चित्रपटात रात्री कंदिलाच्या उजेडात एक माणूस दार लावून घेतो. ते दार लागण्याचा आवाज कोरडा, जवळचा, जरा दचकवणारा होता. नव्या आवृत्तीत तिथे दुसरंच दार आहे, जड, घुमणारं, आणि कंदिलाचा पिवळा उजेड निळसर झाला आहे. चित्र चौपट स्पष्ट आहे आणि प्रसंग गेला आहे. मला ते दार परत हवं आहे. ते लेझरडिस्कवर आहे, दुसरीकडे कुठे मला सापडलं नाही.

सरळरेष

दाराचा मुद्दा पटला, प्लेअरचा नाही. तुम्ही दोन गोष्टी एकत्र करताय: चित्रपटाची आवृत्ती आणि ती वाजवणारं यंत्र. आवृत्ती मोलाची असू शकते. यंत्र मरणपंथाला लागलं आहे.

लेझरडिस्क प्लेअर बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या कंपनीने उत्पादन थांबवल्याचं २००९ मध्ये जाहीर केलं. आज तुम्ही घ्याल तो प्लेअर कितीही जपलेला असला तरी आतले रबरी पट्टे सैल झालेले असतील, वंगण घट्ट झालेलं असेल, आणि लेझर गेला तर नवा कुणी बनवत नाही. तबकड्यांचं तर विचारूच नका. दोन पातळ तबकड्या गोंदाने चिकटवून एक लेझरडिस्क बनते. तो सांधा नीट झाला नसेल तर आतला ॲल्युमिनिअमचा थर गंजतो आणि पडद्यावर रंगीत ठिपक्यांचा पाऊस सुरू होतो. याला 'लेझर रॉट' म्हणतात आणि त्यावर उपाय नाही. फडताळात नुसती ठेवलेली तबकडीही सडते.

१९८६ मध्ये बीबीसीने डोम्सडे प्रकल्प केला. इंग्लंडमधल्या १०८६ सालच्या जमीन-नोंदणीच्या 'डोम्सडे' ग्रंथाला ९०० वर्षं झाली म्हणून नव्या काळाची नोंद लेझरडिस्कवर साठवली. पंधरा-सोळा वर्षांत ती वाचणारी यंत्रं दुर्मीळ झाली. १०८६ चा ग्रंथ मात्र आजही उघडून वाचता येतो. ज्यावर आपलं इतकं प्रेम आहे ते अशा माध्यमावर सोपवू नये, असं मला मनापासून वाटतं.

मागची_रांग

डोम्सडेचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. त्यातली माहिती पुढे वाचवता आली, कारण काही यंत्रं चालू ठेवलेली होती. सगळ्यांनी "मरणपंथाला लागलंय" म्हणून ती फेकली असती तर काय वाचवलं असतं?

कॅथोड_किरण

दोघंही एक गोष्ट विसरताय. लेझरडिस्कवर चित्र 'कॉम्पोझिट' स्वरूपात साठवलेलं असतं. उजेड आणि रंग एकाच संदेशात मिसळलेले, आणि ते वेगळे करायचं काम प्लेअर किंवा टीव्ही करतो. हे काम कोण किती चांगलं करतो यावर सगळं अवलंबून आहे. आजचे बहुतेक सपाट टीव्ही ते वाईट करतात. कडांवर सरकणारे ठिपके, बारीक रेघांच्या कपड्यावर इंद्रधनुष्य, आणि वरून टीव्ही ते चित्र ताणून मोठं करणार. मागची_रांग, तुमचा कंदील पिवळा दिसेल, पण भोवती रंग थरथरत असतील.

आता रेषांचा हिशोब. चित्रपट २.३५:१, म्हणजे उंचीच्या २.३५ पट रुंद असेल आणि वर-खाली काळ्या पट्ट्या ठेवून पूर्ण रुंदीत दिला असेल, तर एनटीएससी या अमेरिकी-जपानी टीव्ही पद्धतीच्या तबकडीच्या सुमारे ४८० दृश्य रेषांपैकी चित्राच्या वाट्याला जेमतेम २७० येतात. उरलेल्या काळं दाखवण्यात जातात. तोच चित्रपट ४के तबकडीवर सोळाशेहून अधिक ओळींत येतो. हा फरक "थोडं कमी स्पष्ट" या शब्दांत मावत नाही.

हे चित्र ज्या पडद्यासाठी घडलं तो होता काचेच्या नळीचा टीव्ही. तिथे त्याच २७० रेषा मऊ, भरलेल्या दिसतात. मी दोन्हीकडे पाहिलं आहे. सपाट टीव्हीवर दहा मिनिटांत बंद केलं आणि नळीच्या टीव्हीवर शेवटपर्यंत बसलो. तेव्हा प्रश्न असा विचारा: प्लेअर, नळीचा जड टीव्ही आणि ते दोन्ही ठेवायला जागा, एवढं सगळं घेणार आहात का? नुसता प्लेअर घेऊन निराश होऊ नका.

आवाजाच्या बाबतीत मात्र मी पूर्णपणे धागाकर्त्याच्या बाजूने. नंतरच्या बहुतेक तबकड्यांवर सीडीच्याच दर्जाचा डिजिटल (पीसीएम) आवाज आहे, जागा वाचवण्यासाठी न दाबलेला. पुढे आलेल्या डीव्हीडीवर बहुतेक वेळा आवाज दाबून बसवला जाई. दार ऐकायचं असेल तर जागा बरोबर निवडली आहे.

जुनं_कपाट

लेझरडिस्कवरच का अडलात? मी गेल्या वर्षी व्हीसीआर घेतला आणि मला एका दिवसाचाही पश्चात्ताप नाही. व्हीएचएसवर आलेले कितीतरी चित्रपट पुढे ना डीव्हीडीवर आले, ना आणखी कुठे. माझ्याकडे असे तीन आहेत. कॅसेट आत ढकलल्यावरचा तो खडखडाट, सुरुवातीच्या मुंग्या, मग हळूहळू स्थिर होणारं चित्र. त्या अर्ध्या मिनिटात मी चित्रपटासाठी तयार होते. आता ते अर्धं मिनिट कुठेच मिळत नाही.

सरळरेष

@जुनं_कपाट, जे दुसरीकडे मिळतच नाहीत त्या तीन चित्रपटांबद्दल माझा विरोध नाही. पण व्हीएचएसवर आवडता चित्रपट पाहणं म्हणजे बहुतेक वेळा अर्धा चित्रपट पाहणं. रुंद चित्र चौकोनी पडद्यात बसवायला दोन्ही बाजू कापत. २.३५:१ च्या चौकटीतला चाळीस टक्क्यांहून अधिक भाग जातो. दोन माणसं चौकटीच्या दोन टोकांना बसून बोलत असतील तर कॅसेटवर एक माणूस आणि रिकामी भिंत, मग अचानक दुसरा माणूस. दिग्दर्शकाने न केलेली ही हालचाल टीव्हीसाठी घातलेली. जो दाराच्या आवाजासाठी इतका हळवा आहे त्याने हे कसं चालवून घ्यायचं?

जुनं_कपाट

चालवून घेत नाही, मला ते माहीतच नव्हतं. माझा सगळ्यात आवडता चित्रपट मी लहानपणापासून असा कापलेलाच पाहिला. मोठेपणी पूर्ण चौकटीत पाहिला तेव्हा कळलं की ज्या प्रसंगात नायिका एकटी रडते असं मला वाटत होतं, तिथे कोपऱ्यात तिचा भाऊ उभा आहे. मला रडू आलं ते दोन्ही वेळा खरंच आलं. पण कॅसेट मी टाकणार नाही. तिच्यातही माझा एक चित्रपट आहे.

नवखा_प्रेक्षक

एक प्रश्न. हे सगळं स्ट्रीमिंगवर मिळत असताना इतकी खटपट का?

मागची_रांग

कारण तिथे कुठली आवृत्ती लागली आहे हे बहुधा लिहिलेलंच नसतं. हक्कांचा करार संपला की चित्रपट निघून जातो, परत येतो तेव्हा दुसऱ्या मास्टरवरून आलेला असू शकतो. तुम्हाला फरक जाणवला तरी दाखवायला जुनं काही हातात नसतं. तबकडी हातात असली की निदान "हे बघा, असं होतं" असं म्हणता येतं.

सरळरेष

मग खरी मूळ आवृत्ती कुठे असते तेही बोलू. ती फिल्मच्या रिळांवर असते, अभिलेखागारात. २०२५ च्या जूनमध्ये लंडनला ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या महोत्सवात 'स्टार वॉर्स'ची १९७७ ची प्रिंट दाखवली. ते मूळ. लेझरडिस्क ही टीव्हीच्या मापात उतरवलेली त्याची एक नक्कल, तीही त्या वेळी यंत्रावर बसलेल्या माणसाने रंग ठरवून केलेली. तुमचा पिवळा कंदील हासुद्धा कुणाचा तरी निर्णयच असेल. थिएटरमध्ये तो निळा नव्हता याची तुमच्याकडे खात्री आहे?

मागची_रांग

नाही. थिएटरमध्ये मी तो पाहिलेला नाही.

हा प्रश्न मला लागला, म्हणून दोन दिवस थांबून उत्तर देतो आहे. कंदिलाचा रंग मी वादातून मागे घेतो. दार मागे घेत नाही. नव्या मिश्रणात जुना आवाज काढून दुसरा घातला आहे, तो रंगासारखा कमीजास्त केलेला नाही. आणि अभिलेखागारातली प्रिंट एका संध्याकाळी एका सभागृहात बसतील तेवढ्यांनाच दिसते. ती जपलीच पाहिजे, पण इतरांनी तोवर काय पाहायचं?

दुरुस्ती_टेबल

मी ही यंत्रं हौसेने दुरुस्त करतो, म्हणून दोन्ही बाजूंना थोडं सांगतो. सरळरेष म्हणतात तितकी अवस्था वाईट नाही. पट्टे बदलता येतात, वंगण पुसून नवं घालता येतं, कपॅसिटर मिळतात. लेझरचा भाग गेला तर मात्र दुसऱ्या मेलेल्या प्लेअरमधूनच काढावा लागतो, हे खरं. सगळ्या तबकड्या सडतात असंही नाही. काही कारखान्यांच्या आणि काही वर्षांच्या जास्त सडल्या. माझ्याकडची सर्वांत जुनी अजून स्वच्छ आहे, तिच्याहून बरीच नवी एक तबकडी गेली.

तुमच्या वादातून एक वाट निघते. प्लेअरच्या आत लेझर जे वाचतो तो कच्चा संदेश, चित्र बनण्याच्या आधीच, संगणकावर उतरवून घेता येतो आणि मग सॉफ्टवेअरने उलगडता येतो. त्यासाठीचं एक खुलं हार्डवेअर 'डोम्सडे डुप्लिकेटर' नावाचं आहे, वर आलेल्या बीबीसीच्या प्रकल्पावरूनच हे नाव पडलं. उलगडायचं सॉफ्टवेअर 'एलडी-डीकोड'. कॅथोड_किरण म्हणतात ते रंग-उजेड वेगळे करायचं काम तिथे टीव्हीपेक्षा खूप चांगलं होतं. एकाच चित्रपटाच्या दोन-तीन प्रती उतरवल्या तर एकीतला ठिपका दुसरीवरून भरताही येतो. पण यासाठीही चालता प्लेअर लागतोच.

सरळरेष

हे मला मान्य आहे. एकदा वाजवा, उतरवा, बाजूला ठेवा. दर रविवारी पाहण्यासाठी घेणं मला अजूनही पटत नाही.

मागची_रांग

मी दोन्ही करणार आहे. शंभर तबकड्यांचा बेत सोडला. ज्यांची आवृत्ती आणखी कुठे नाही अशा चारच निवडल्या आहेत. आधी दाराची.

दुरुस्ती_टेबल

मग घेण्याआधी चालू करून दाखवायला सांगा आणि दुसरी बाजू शेवटपर्यंत पाहा. बाजूचा शेवट तबकडीच्या बाहेरच्या कडेला येतो आणि सड बऱ्याचदा तिथे आधी दिसते. तबकडी वाकली आहे का तेही कडेने बघा. प्लेअर हलवायचा असेल तर आधी खालची बाजू तपासा. काही मॉडेलना आतला भाग जखडून ठेवणारा स्क्रू असतो, तो घट्ट न करता नेलं की लेझरची पट्टी सरकते. घरी नेल्यावर तो सैल करायला विसरू नका. तबकड्या उभ्या ठेवा, एकीवर एक रचू नका.