पावसाळ्यातले गंजलेले छत, एनएलजेडीचे संकेत आणि ‘खोली निर्धोक आहे’ असे लिहून देण्याचा आग्रह

पुण्याचा तंत्रज्ञ:

नमस्कार. गेली चार वर्षे मी पुण्यातून टीएससीएमचे, म्हणजे छुपे माइक आणि कॅमेरे शोधण्याचे काम करतो. नुकत्याच केलेल्या एका कामातून दोन प्रश्न उभे राहिले आहेत आणि त्यांवर येथील अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईतील फोर्ट भागात एका जुन्या दगडी इमारतीतील बैठकीच्या खोलीचा स्वीप, म्हणजे अशा उपकरणांसाठीची तपासणी, केला. मूळ छत उंच आहे आणि त्याच्या दोन फूट खाली जिप्सम बोर्डाचे फॉल्स सीलिंग जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) चॅनलांवर टांगलेले आहे. समुद्र जवळ आणि त्यात पावसाचे दिवस, त्यामुळे एसीच्या ग्रिलमधून टॉर्च मारून पाहिले तेव्हा चॅनल, हँगर आणि नटबोल्ट सगळेच लालसर गंजलेले दिसले. खोलीतल्या रेडिओलहरी दाखवणारा स्पेक्ट्रम अॅनालायझर दुपारी चार ते रात्री आठ चालू ठेवला होता. मोबाइल टॉवर, शेजारच्या कार्यालयांचे वायफाय आणि एफएम केंद्रे यांपलीकडे ज्याचा खुलासा होऊ नये असे काही त्यात मिळाले नाही.

त्यानंतर एनएलजेडी, म्हणजे लपलेले इलेक्ट्रॉनिक भाग हुडकणारा शोधक, फिरवला. छताच्या बहुतेक भागात तिसरा हार्मोनिक (सोडलेल्या लहरीच्या तिप्पट वारंवारतेवरचे उत्तर) जोरात आणि दुसरा (दुप्पट वारंवारतेवरचे) अगदी क्षीण, म्हणजे गंज, एवढे मला कळते. परंतु खिडकीकडच्या कोपऱ्यात, साधारण हातभर जागेत, दुसरा आणि तिसरा जवळपास सारख्याच पातळीवर येत होते आणि तिसरा प्रत्येक वाचनात वेगळा दिसत होता. छत फोडायला ग्राहकाची परवानगी नव्हती. अशा मिश्र संकेताचा निकाल आपण कसा लावता?

दुसरा प्रश्न अहवालाचा आहे. ‘या खोलीत संभाषण ऐकणारे कोणतेही उपकरण नाही’ असे एका ओळीचे प्रमाणपत्र लेटरहेडवर द्यावे, त्याशिवाय बिल मंजूर होणार नाही, असे ग्राहकाच्या प्रशासन विभागाने कळवले आहे. तो कोपरा मनात असताना ती ओळ लिहायला माझा हात धजत नाही. पण नकार द्यावा तर एवढा खर्च करून काय मिळाले, असे ते विचारतात, आणि त्यांचे विचारणेही गैर नाही.

नाशिकचा जुना रेडिओवाला:

आपण ती ओळ लिहिली नाहीत हे योग्यच केलेत. अहवालाविषयी इतर सदस्य लिहितीलच, मी फक्त छताविषयी लिहितो, कारण गंज हा कोकणपट्टीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला छळणारा विषय आहे.

एनएलजेडी एका ठरावीक वारंवारतेची लहर सोडतो आणि तिच्या दुप्पट व तिप्पट वारंवारतेवर काही परत येते का, हे ऐकतो. यंत्र २.४ गिगाहर्ट्झवर पाठवत असेल, तर ते ४.८ आणि ७.२ वर कान लावून बसते. डायोड, ट्रान्झिस्टर किंवा आयसीमधल्या अर्धवाहक जोडातून प्रवाह एका दिशेने सहज जातो आणि उलट दिशेने अडतो. या एकांगीपणामुळे दुसरा हार्मोनिक बळकट होतो. दोन धातूंच्या मध्ये गंजाचा थर बसला की तोही सरळ वागत नाही, पण तो दोन्ही दिशांना साधारण सारखाच वाकडा वागतो, म्हणून तिसरा वरचढ ठरतो. उपकरणाची बॅटरी संपलेली असली किंवा ते बंद असले तरी त्यातले अर्धवाहक उत्तर देतातच, हे या यंत्राचे खरे मोल आहे.

मिश्र संकेत मिळाला की मी सर्वप्रथम शक्ती कमी करतो. अनेकजण पूर्ण शक्तीने सुरुवात करतात, मग वरच्या मजल्यावरचा संगणकही खालच्या छतात असल्यासारखा भासतो. शक्ती उतरवत नेल्यावर कोणता संकेत शेवटपर्यंत टिकतो आणि अँटेना हलवल्यावर तो नेमक्या कोणत्या बिंदूशी बांधलेला राहतो, ते पाहावे.

त्यानंतर रबरी हातोडी. एकाने अँटेना स्थिर धरावा आणि दुसऱ्याने त्या जागेच्या आसपास हलके ठोके द्यावेत. गंजलेला सांधा ठोक्याबरोबर हलतो, त्यातला संपर्क क्षणभर तुटतो आणि जुळतो, त्यामुळे आकडा नाचतो आणि हेडफोनमध्ये कोरडी पाने चुरगळल्यासारखी खरखर ऐकू येते. अर्धवाहकाच्या आतल्या जोडाला त्या ठोक्याने काहीच होत नाही, त्याचा दुसरा हार्मोनिक जागचा हलत नाही. आपल्या कोपऱ्यात तिसरा दर वेळी बदलत होता आणि दुसऱ्याविषयी आपण तसे लिहिलेले नाही. दुसरा खरोखरच स्थिर असेल, तर तेथे गंज आणि इलेक्ट्रॉनिक्स शेजारी शेजारी आहेत असे मी मानेन.

इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे लगेच बग, म्हणजे छुपे ऐकणारे उपकरण, असे मात्र नव्हे. फॉल्स सीलिंगमध्ये एलईडी पॅनलचे ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणाऱ्या डब्या) असतात, धूरशोधक असतात, आणि दिवे बदलताना जुना ड्रायव्हर वरच टाकून मोकळे झालेले इलेक्ट्रिशियन मी कितीतरी पाहिले आहेत. स्वीपच्या आधी सगळे पॅनल उतरवून खोलीबाहेर नेले होते का? फक्त स्विच बंद करून भागत नाही.

आणखी एक सवय सांगतो. माझ्या पेटीत एक साधा डायोड आणि एक गंजलेला बोल्ट कायम असतो. खोलीत गेल्यावर ते दोन्ही त्याच जातीच्या जिप्सम बोर्डामागे धरून यंत्राचे वाचन घेतो आणि वहीत उतरवतो. मुंबईतल्या जुलैच्या ओलसर बोर्डामागचा डायोड आणि पुण्यातल्या मार्चमधल्या कोरड्या बोर्डामागचा डायोड यांच्या वाचनात मला चांगलाच फरक आढळला आहे.

अहवाल लेखनिक:

दुसऱ्या प्रश्नासाठी या व्यवसायाच्या इतिहासातील तीन प्रकरणे उपयोगी पडतील. ग्राहकांशी बोलताना मी तीच सांगतो आणि ती त्यांना पटतात.

पहिले मॉस्कोचे. १९४५ साली सोव्हिएत मुलांनी अमेरिकेचे राजदूत अॅव्हेरेल हॅरिमन यांना अमेरिकी राजमुद्रेचे लाकडी कोरीवकाम भेट दिले. ते स्पासो हाउस या राजदूत निवासातील अभ्यासिकेत १९५२ पर्यंत भिंतीवर होते. त्याच्या आत लेव्ह थेरेमिन यांनी घडवलेली धातूची पोकळ डबी होती, तिला पातळ पडदा आणि एक अँटेना जोडलेला होता. बॅटरी नाही, वायर नाही, आणि आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एकही अर्धवाहक नाही. बाहेरून रेडिओलहर सोडली की पडदा बोलण्याबरोबर कंप पावे आणि परत जाणाऱ्या लहरीवर ते संभाषण स्वार होई. बाहेरची लहर बंद असताना स्पेक्ट्रम अॅनालायझर त्या खोलीत चार तास नव्हे, चार महिने ठेवला असता तरी त्यावर काही उमटले नसते. आजचा एनएलजेडीदेखील त्या डबीसमोर गप्पच राहिला असता. १९६० मध्ये अमेरिकेने ती वस्तू सुरक्षा परिषदेत सर्वांसमोर उघडून दाखवली.

दुसरेही मॉस्कोचेच. १९८४ साली अमेरिकेच्या तेथील वकिलातीतली यंत्रे तपासणीसाठी मायदेशी नेण्यात आली, तेव्हा मॉस्को आणि लेनिनग्राड येथे वापरल्या जाणाऱ्या १६ आयबीएम सिलेक्ट्रिक टंकलेखन यंत्रांत बग सापडले. ते धातूच्या पट्टीच्या पोटात दडवलेले होते आणि क्ष-किरण छायाचित्रामुळेच उघडकीला आले. ते टंकलेले अक्षर टिपून साठवत आणि दूरचित्रवाणीच्या वारंवारतांच्या आसपास, क्षणभराच्या झपाट्यात बाहेर पाठवत. तपासणी पथक येणार असे कळले की ते दुरून बंदही करता येत. म्हणून मी प्रत्येक नव्या ग्राहकाला विचारतो की स्वीपची वेळ ठरवण्यासाठी आपण फोन कोठून केला होता. ज्या खोलीविषयी शंका आहे, तिथूनच तो केलेला असेल, तर संशयित उपकरण त्या दिवशी गप्प राहण्याची शक्यता मी अहवालात नोंदवतो.

तिसरे आपल्या देशातले. २०१० मध्ये तत्कालीन अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांच्या दिल्लीतील कार्यालयात आणि लगतच्या खोल्यांत मिळून १६ ठिकाणी चिकट पदार्थ लावलेला आढळला आणि त्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून गुप्त चौकशीची विनंती केली. २०११ च्या जूनमध्ये बातमी फुटली. माइक किंवा रेकॉर्डर मात्र एकही सापडला नव्हता. कोणी म्हणाले की उपकरणे लावून काढून नेली, कोणी म्हणाले की तो नुसता च्युइंग गम. मला यातून घ्यायचे ते एवढेच, की तपासणाऱ्याने ‘सोळा ठिकाणी चिकट पदार्थ, अमुक उंचीवर, अमुक आकाराचा’ एवढे लिहावे आणि ‘येथे बग होता’ किंवा ‘येथे काही नव्हते’ हे निष्कर्ष स्वतंत्र परिच्छेदात, कारणांसह मांडावेत.

मी स्वतः ‘उपकरण नाही’ असे अहवालात लिहीत नाही. माझे वाक्य साधारण असे असते: ‘अमुक तारखेला, अमुक ते अमुक वेळेत, खाली नोंदवलेल्या उपकरणांनी आणि पद्धतींनी तपासलेल्या भागांत संशयित उपकरण आढळले नाही. पुढील भाग तपासता आले नाहीत.’ आणि त्यानंतर न तपासलेल्या भागांची यादी, प्रत्येकाच्या कारणासह. खर्च करून काय मिळाले, याचे उत्तर ग्राहकाला त्या यादीतच मिळते, कारण पुढचा पैसा कोठे घालायचा हे ती सांगते. शिवाय तपासणी संपून आपण दाराबाहेर पडलो की पाचव्या मिनिटाला कोणीही एक्स्टेंशन बोर्डाच्या रूपातला सिम कार्डवाला माइक आणून टेबलाखाली लावू शकतो. आपल्या सहीचे प्रमाणपत्र त्या पाचव्या मिनिटाची हमी कशी देणार?

वकील, मुंबई:

मी तंत्रज्ञ नाही, परंतु अशा प्रकरणांत पक्षकारांसाठी उभा राहतो, म्हणून दोन मुद्दे जोडतो.

त्या कोपऱ्यात खरोखरच काही निघाले, तर ते हाताने उपटून काढू नका. जागेवरच फोटो आणि व्हिडिओ घ्या, खोलीला कुलूप लावा, ग्राहकाच्या वकिलाला कळवा आणि तक्रार करून पोलिसांकरवी पंचनामा होऊ द्या. आपल्या यंत्रातील नोंदी पुढे न्यायालयात द्यायच्या झाल्या, तर १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र लागते. जुन्या पुरावा कायद्यातील कलम ६५ब ची जागा त्याने घेतली आहे. म्हणून नोंदी मूळ स्वरूपात, वेळेसह जपून ठेवा.

दुसरे असे की फोनवरील संभाषण ऐकण्याचा अधिकार सरकारलाही मोकाट नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या पीयूसीएल निकालाने त्यावर बंधने घातली, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये विनीत कुमार प्रकरणात फोन टॅप करण्याचे आदेश रद्द केले, कारण सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता यांपैकी कोणतेही कारण त्यात दिसत नव्हते. खाजगी माणसाने हे केले तर तो गुन्हाच आहे. दूरसंचार अधिनियम, २०२३ च्या कलम ४२ नुसार बेकायदा संदेश-अवरोधनाला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यामुळे एखादा ग्राहक ‘आमचे शोधून झाले, आता समोरच्याच्या फोनवर तुम्ही लावून द्या’ असे म्हणाला, तर तेथेच थांबा. बैठकीपुरता जॅमर (मोबाइलचे संकेत अडवणारे यंत्र) बसवून देण्याची मागणीही अशीच नाकारावी, कारण सरकारच्या परवानगीवाचून खाजगी व्यक्तीला जॅमर बाळगता येत नाही.

पुण्याचा तंत्रज्ञ:

सर्वांचे मनापासून आभार. आपली उत्तरे छापून ग्राहकाला दाखवली. त्यानंतर छताचा तेवढा एक बोर्ड उतरवायला त्यांनी परवानगी दिली आणि काल तो उतरवला.

बोर्ड काढण्याआधी हातोडीचा प्रयोग केला. तिसरा हार्मोनिक प्रत्येक ठोक्याला उसळत होता आणि दुसरा शेवटच्या टप्प्यापर्यंत शक्ती उतरवली तरी जागचा हलला नाही. वर एका गंजलेल्या हँगरला टेकून, वायरी कापलेला जुना एलईडी ड्रायव्हर पडलेला होता, त्याच्यावर बोटभर धूळ होती. पॅनल मी त्या दिवशी केवळ स्विचने बंद केले होते, हे आपण बरोबर ओळखलेत. ड्रायव्हर जागेवरच उघडून, आतली सर्किटची पाटी दोन्ही बाजूंनी तपासून, फोटो काढून ग्राहकाच्या ताब्यात दिला आहे. सगळे पॅनल खोलीबाहेर नेऊन उरलेल्या छतावर पुन्हा यंत्र फिरवले, तेव्हा सर्वत्र केवळ तिसराच मिळाला.

प्रमाणपत्राची ओळ मी दिली नाही. ‘तपासलेल्या भागांत आढळले नाही’ असे वाक्य लिहिले आणि न तपासलेल्या भागांत दोन नोंदी केल्या: पश्चिमेची दगडी भिंत, कारण तिची दुसरी बाजू शेजारच्या भाडेकरूच्या ताब्यात आहे आणि तेथे जायला मिळाले नाही, आणि भिंतीवरील संस्थापकांचे लाकडी चौकटीतले मोठे तैलचित्र, जे खाली उतरवू दिले नाही. राजमुद्रेची हकीगत त्यांच्या प्रशासन प्रमुखांनी दोनदा वाचली आणि चित्र उतरवण्यासाठी शनिवारी परत यायला सांगितले आहे. क्ष-किरणाचे पोर्टेबल यंत्र एक दिवसासाठी भाड्याने देणारे मुंबईत कोणी परिचित असल्यास कृपया व्यक्तिगत निरोपातून कळवावे.