दोन्ही नावं एकाच रकान्यात नकोत

ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कुणालाही भर घालता येणाऱ्या ऑनलाइन नकाशावर, गावाचं नाव भरताना एक प्रश्न आलाय: पाटीवर 'कराड' मराठी-इंग्रजी दोन्हींत आहे, मग 'नेम' या नावाच्या रकान्यात तिरपी रेघ मारून दोन्ही भरायची का? तसं कोंबू नका. मराठी 'नेम:एमआर'मध्ये, इंग्रजी 'नेम:ईएन'मध्ये.

साताऱ्याजवळ महामार्ग ४८ वरचा हिरवा फलक मात्र वेगळं प्रकरण. तो दिशा सांगतो, त्यामुळे ती नावं गावाच्या बिंदूवर नाही, तर खाली उतरणाऱ्या रस्त्याच्या रेषेवर 'डेस्टिनेशन'मध्ये, मराठीसाठी 'डेस्टिनेशन:लँग:एमआर'. रस्ता दुहेरी वाहतुकीचा असेल तर 'फॉरवर्ड' (रेषा काढली त्या दिशेने) की 'बॅकवर्ड' (उलट दिशेने) हेही सांगावं लागतं, आणि सगळे घोळ तिथेच होतात!

सांगलीकरांनो, नकाशावर इस्लामपूरचं ईश्वरपूर केलंत तर जुनं नाव पुसू नका, 'ओल्ड_नेम'मध्ये ठेवा. लोक अजून तेच शोधतात.