मदत हवी आहे: धाकट्या भावाला स्ट्रोक, रिपोर्टमध्ये फॅक्टर व्ही लायडन. मीही तपासून घ्यावं का?

नमस्कार. माझा भाऊ ३४ वर्षांचा. बीपी नाही, शुगर नाही, सिगारेट कधी ओढली नाही. तीन आठवड्यांपूर्वी सकाळी शर्टाचं वरचं बटण लावताना उजव्या हाताची बोटं ऐकेनात. तेच एक बटण पुन्हा पुन्हा चाचपत होता. काय झालं म्हणून विचारलं, तर जीभ जड आणि तोंड एका बाजूला ओढलेलं. लगेच हलवलं म्हणून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन वेळेत मिळालं. आता चालतो, बोलतो, पण सही अजून जमत नाही.

रक्ताच्या तपासणीत फॅक्टर व्ही लायडन (रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर व्ही या प्रोटीनच्या जनुकातला बदल) निघालं, हेटरोझायगस. म्हणजे आई-वडिलांपैकी एकाकडून आलेलं, आणि मलाही असण्याची शक्यता निम्मी.

वाचलं त्यावरून एवढं कळलं की या म्युटेशनमुळे गोठणं आवरणारं प्रोटीन सी फॅक्टर व्हीला वेळेवर आवरू शकत नाही. पण त्याच्या गुठळ्या मुख्यतः पायाच्या शिरांमध्ये होतात, धमनीतल्या स्ट्रोकशी संबंध कमजोर आहे. मग मेंदूत गुठळी गेली कशी? डॉक्टरांना पीएफओची शंका आहे. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधली ही फट जन्मानंतर मिटायला हवी, पण साधारण चौघांतल्या एकात उघडीच राहते. शिरेतली गुठळी तिथून पलीकडे जाऊ शकते. ही फट शोधणारी बबल टेस्ट पुढच्या आठवड्यात आहे.

दोन प्रश्न आहेत. त्याचं प्रोटीन एसही (गोठणं आवरणारं आणखी एक प्रोटीन) कमी आलंय, पण रक्त स्ट्रोकच्या तिसऱ्याच दिवशी घेतलं होतं. ते धरायचं का? आणि मी पीसीओएससाठी दोन वर्षं इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेतेय. माझी अपॉइंटमेंट चार दिवसांनी आहे. रात्री गोळी हातात घेतली की छातीत धस्स होतं.

प्रतिसाद १
ताई, गोळ्यांसाठी चार दिवस थांबू नका. आजच डॉक्टरांना फोन करून भावाचं निदान सांगा. म्युटेशन आणि इस्ट्रोजेन एकत्र आले की शिरेत गुठळी होण्याचा धोका बराच वाढतो. इस्ट्रोजेन नसलेले पर्याय असतात. मध्येच एक पाय सुजला किंवा दम लागला तर सरळ इमर्जन्सीत जा.

ताज्या गुठळीत प्रोटीन सी आणि एस खोटे कमी येऊ शकतात, वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधावरही येतात. नंतर पुन्हा करायला लागेल. अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी (शरीराने स्वतःविरुद्धच बनवलेल्या, गुठळ्या वाढवणाऱ्या) तपासल्यात का? त्यांच्यामुळे होणारा आजार सहसा आनुवंशिक नसतो, पण तरुणांच्या स्ट्रोकमध्ये तो पाहायलाच हवा. पॉझिटिव्ह आली तर १२ आठवड्यांनी परत करतात.

धागाकर्ती
फोन केला. आजपासून गोळी बंद करायला सांगितलीय. अँटिबॉडीचं रिपोर्टमध्ये कुठेच नाही, उद्या विचारते. मनापासून आभार.