मदत हवी आहे: नवीन कार्ड टाकल्यापासून दोन्ही विंडो एकाच स्क्रीनवर येतात

टोकनवाला (सोमवार, सकाळी ११:४२)
डब्ल्यूएमकंट्रोल (विंडो सरकवणारी कमांड) चालत नाहीये. दोन विंडो, दोन स्क्रीन, एवढंच काम आहे. स्क्रिप्ट दोनदा क्रोमियम उघडते, दहा सेकंद थांबते आणि दुसरी विंडो १९२०,० वर सरकवते. गेली तीन वर्षं बिनतक्रार चालू होतं. आता तीच स्क्रिप्ट, त्याच स्क्रीन, पण दोन्ही विंडो पहिल्या स्क्रीनवर एकावर एक बसतात. विंडोंची यादी मागितली तर रिकामी येते, एरर पण नाही. दहाचे तीस सेकंद केले, काही फरक नाही. उद्या सकाळी सहाला लिलाव सुरू होतो, त्याआधी टोकन आणि दर असे दोन्ही फलक लागायला हवेत. कृपया लवकर सांगा.

दप्तरी (सकाळी ११:५१)
डिस्ट्रो कुठली? डेस्कटॉप कुठला? मशीन कुठलं? "तीच स्क्रिप्ट" म्हणता, मग बदललं काय ते पण लिहा. तोपर्यंत टर्मिनलमध्ये एक्सडीजी सेशन टाइप हा व्हेरिएबल छापून उत्तर इथे टाका.

ग्नोमकर (सकाळी ११:५८)
यादी रिकामी म्हणजे वेलँड, यात शंकाच नाही. (स्क्रीनवर विंडो दाखवणाऱ्या जुन्या एक्स-११ ची जागा घेणारा नवा प्रोटोकॉल.) उबुंटू असणार. डब्ल्यूएमकंट्रोलला फक्त एक्स-११ च्या विंडो दिसतात. वेलँडमध्ये थेट चालणारा क्रोमियम त्याच्या नजरेलाच पडत नाही. ग्नोम डेस्कटॉपवर उपाय असा: "विंडो कॉल्स" नावाचं एक्स्टेंशन टाका. ते डी-बसवर (प्रोग्रॅम एकमेकांशी बोलतात ती वाट) विंडोंची यादी देतं आणि सरकवायची, आकार बदलायची सोयही देतं. पूर्वी शेलच्या इव्हॅल मधून हेच करता यायचं, पण ग्नोम ४१ पासून ते बंद आहे, त्यामुळे जुने लेख वाचून वेळ घालवू नका. एक्स्टेंशन टाकल्यावर लॉगआउट करून परत लॉगिन करावं लागतं, वेलँडवर शेल जागच्या जागी रीस्टार्ट होत नाही.

टोकनवाला (दुपारी १२:१०)
सेशन टाइप "टीटीवाय" आलं. ग्नोम नाहीये बहुतेक. बदललं काहीच नाही, फक्त एसडी कार्ड खराब झालं म्हणून नवीन कार्डावर नवीन इमेज टाकली.

दप्तरी (दुपारी १२:१४)
एसडी कार्ड म्हणजे रास्पबेरी पाय, तो एका बोर्डाचा छोटा संगणक. हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. आणि "टीटीवाय" आलं याचा अर्थ तुम्ही एसएसएच करून (दुसऱ्या मशीनवरून लॉगिन होऊन) बसला आहात. ते उत्तर तुमच्या एसएसएच सेशनचं आहे, स्क्रीनवर चालू असलेल्या सेशनचं नाही. पाय कितवा, आणि जुन्या कार्डावर बुल्सआय (पायच्या ओएसची जुनी आवृत्ती) होतं का?

टोकनवाला (दुपारी १२:१९)
पाय ४, ४ जीबी. हो, जुन्यावर बुल्सआय. नवीन म्हणजे इमेजरमध्ये सगळ्यात वर जे येतं ते.

एक्सनिष्ठ (दुपारी १२:२६)
मग दोन मिनिटांचं काम. सुडो लावून रास्पी-कॉन्फिग उघडा, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, वेलँड, तिथे एक्स-११ निवडा, रीबूट करा. तुमची स्क्रिप्ट पूर्वीसारखी चालेल. ज्याला फक्त दोन फलक लावायचे आहेत त्याने नवीन प्रोटोकॉल शिकत बसायचं कारण नाही.

दप्तरी (दुपारी १२:४४)
एक्सनिष्ठ यांचा उपाय आजचा दिवस निभावेल. पण पायवर २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून वेलँडच मूळ धरलंय. कम्पोझिटर (विंडोंची मांडणी करणारा प्रोग्रॅम) आधी वेफायर होता, २०२४ च्या ऑक्टोबरपासून लॅबडब्ल्यूसी आहे. तेव्हा एकदाच नीट बसवून टाका.

बिघडलं काय ते आधी समजून घ्या. एक्स-११ मध्ये कुठलाही प्रोग्रॅम कुठल्याही विंडोला "तू तिकडे सरक" म्हणू शकतो. डब्ल्यूएमकंट्रोल त्याच मुभेवर चालतं. वेलँडमध्ये ती मुभाच नाही. तिथे विंडोचे व्यवहार एक्सडीजी-शेल प्रोटोकॉलने होतात. त्यात अॅपला शीर्षक देता येतं, मॅक्सिमाइझ किंवा फुलस्क्रीन मागता येतं, पण "मला १९२०,० वर ठेव" ही विनंतीच नाही. आपण डेस्कटॉपवर नेमके कुठे आहोत हेसुद्धा अॅपला कळत नाही. म्हणून क्रोमियमचा विंडो-पोझिशन पर्यायही तिथे निकामी. जागा ठरवतो कम्पोझिटर, म्हणजे तुमच्याकडे लॅबडब्ल्यूसी. बाहेरून स्क्रिप्टने ढकलण्याऐवजी नियम त्याच्याच फाइलमध्ये लिहायचा.

क्रम असा:

आधी आउटपुटची नावं बघा. डब्ल्यूएलआर-रँडआर ही कमांड चालवा. एचडीएमआय-ए-१ आणि एचडीएमआय-ए-२ अशी दोन नावं यायला हवीत. एसएसएचमधून चालवणार असाल तर वेलँड डिस्प्ले आणि एक्सडीजी रनटाइम डिर हे दोन्ही व्हेरिएबल आधी एक्सपोर्ट करा. पहिल्याची किंमत बहुधा "वेलँड-०", दुसऱ्याची "/रन/यूजर/१०००". त्या फोल्डरमध्ये लिस्ट मारून सॉकेटचं नाव पडताळा.

मग क्रोमियम दोनदा उघडा, दोन्हीला वेगवेगळं यूजर-डेटा-डिर देऊन. हे चुकवू नका. प्रोफाइल एकच असेल तर दुसरी कमांड पहिल्या प्रोसेसच्या हाती जाते आणि तिचे बरेचसे पर्याय वाऱ्यावर सुटतात. पत्ता "अॅप" पर्यायात द्या, किऑस्क (थेट फुलस्क्रीन उघडणारा पर्याय) लावू नका. कारण पुढे येईल.

आता डब्ल्यूएलआरसीटीएल इन्स्टॉल करून "टॉपलेव्हल लिस्ट" मागा. कोलनच्या डावीकडे प्रत्येक विंडोची अॅप-आयडी दिसेल. ती इथे टाका.

पाटीवाचक (दुपारी १२:५८)
नवीन कार्डावर मराठी अक्षरांच्या जागी चौकटी दिसत असतील तर फॉन्ट्स-देवा हे पॅकेज टाका आणि क्रोमियम पूर्ण बंद करून उघडा. दरफलकावर हा घोळ हमखास होतो.

टोकनवाला (दुपारी १:०५)
मराठी अक्षरं व्यवस्थित आहेत, तो प्रश्न नाही. यादी आली:
क्रोम-१९२.१६८.१.५०__टोकन-डीफॉल्ट
क्रोम-१९२.१६८.१.५०__दर-डीफॉल्ट
पण दोन्ही अजून पहिल्याच स्क्रीनवर आहेत.

दप्तरी (दुपारी १:२१)
नावं वेगळी आली, म्हणजे निम्मं काम झालं. आता होम फोल्डरमध्ये डॉट-कॉन्फिग, त्यात लॅबडब्ल्यूसी, त्यात आरसी डॉट एक्सएमएल ही फाइल उघडा. आधीपासून असेल तर तिचा सगळ्यात बाहेरचा टॅग बदलू नका, त्याच्या आत लिहा. विंडोरूल्स टॅग, त्याच्या पोटात दोन विंडोरूल. पहिल्याच्या आयडेंटिफायरमध्ये "*टोकन*", दुसऱ्याच्यात "*दर*", दोन्हीकडे तारे ठेवा, म्हणजे पूर्ण नाव लिहावं लागत नाही. (अर्थात तुमच्या पत्त्यात जसं रोमन अक्षरांत आहे तसंच.) प्रत्येक नियमात दोन अॅक्शन: आधी मूव्ह-टू-आउटपुट, त्याला आउटपुटचं नाव, मग टॉगल-फुलस्क्रीन.

क्रम उलटा करू नका. आणि किऑस्क नको म्हटलं ते यासाठी: टॉगल म्हणजे चालू असेल ते बंद करणं. किऑस्कमुळे विंडो आधीच फुलस्क्रीन असेल तर हा नियम तिला फुलस्क्रीनमधून बाहेर काढेल आणि तुम्ही तासभर शोधत बसाल.

नियम विंडोच्या शीर्षकावर लावू नका. विंडो पहिल्यांदा प्रकटते तेव्हा नियम तपासला जातो, पानाचं शीर्षक त्यानंतर लोड होतं. शीर्षकाचा नियम कधी लागतो, कधी नाही. अॅप-आयडी सुरुवातीपासून असते.

फाइल सेव्ह करून लॅबडब्ल्यूसीला "रीकॉन्फिगर" द्या. उघड्या असलेल्या विंडो हलणार नाहीत, क्रोमियम बंद करून परत उघडा.

केडीईप्रेमी (दुपारी १:३०)
प्लाझ्मावर (केडीईचा डेस्कटॉप) एवढा खटाटोप लागत नाही. टायटल बारवर राइट क्लिक, मोअर अॅक्शन्स, विंडोचे खास नियम, तिथे स्क्रीन "फोर्स" करा. स्क्रिप्टच हवी तर केडूटूल आहे.

दप्तरी (दुपारी १:३३)
बरोबर आहे, पण ४ जीबीच्या पायवर दोन फलकांसाठी प्लाझ्मा बसवायला सांगू नका.

एक्सनिष्ठ (दुपारी १:४०)
इतकं सगळं, आणि माझ्या उपायाला एक मेनू. एक्समध्ये चालणारी गोष्ट प्रोटोकॉलमधून काढून टाकायची आणि मग प्रत्येक कम्पोझिटरने आपापली फाइल, आपापली भाषा ठेवायची. ग्नोमला एक्स्टेंशन, स्वे या कम्पोझिटरला वेगळी सिन्टॅक्स, लॅबडब्ल्यूसीला एक्सएमएल. ही प्रगती कशी?

ग्नोमकर (दुपारी १:५२)
एक्स-११ मध्ये कुठलाही प्रोग्रॅम दुसऱ्या विंडोत टाइप होणारी प्रत्येक कळ वाचू शकतो. एक्सइनपुट टेस्ट लावून स्वतः बघा. ते दार बंद करायचं तर विंडो ढकलायची मुभाही जाते, दोन्ही एकाच मुळाची आहेत. आणि जाणार कुठे? ग्नोम ४९ मध्ये एक्स-११ सेशन मुळातच बंद करून दिलंय, उबुंटू २५.१० मध्ये तो पर्याय नाही, रेड हॅट १० मधून एक्सऑर्ग सर्व्हर काढलाय. फक्त एक्सवेलँड (वेलँडच्या आत जुनी एक्स-११ अॅप चालवणारा थर) उरलंय.

एक्सनिष्ठ (दुपारी १:५९)
त्या फलकाला कीबोर्डच नाही, कळा कोण वाचणार? आणि एक्सवेलँड उरलंयच ना, मग तेच वापरा. क्रोमियमला ओझोन-प्लॅटफॉर्म "एक्स११" द्या, सोबत विंडो-पोझिशन १९२०,० आणि किऑस्क. आरसी फाइलला हात लावायची गरज नाही.

दप्तरी (दुपारी २:०८)
हा उपाय खरा आहे, मी नाही म्हणत नाही. अडचण एवढीच की १९२० हा आकडा तुम्ही गृहीत धरला. उद्या डावी स्क्रीन बदलून १३६६ ची आली किंवा दोन्हींची जागा अदलाबदल झाली की विंडो मधोमध तुटते. नियमात आउटपुटचं नाव असतं, पिक्सेल नसतात. नाव पोर्टला चिकटलेलं आहे. पाय ४ वर पॉवरच्या शेजारचा मायक्रो एचडीएमआय म्हणजे ए-१.

टोकनवाला (दुपारी २:४७)
चाललं! टोकन डावीकडे, दर उजवीकडे. पण हे सगळं हाताने उघडल्यावर. रीबूट केलं तर काहीच उघडत नाही. ऑटोस्टार्टची फाइल जुन्या कार्डावरून जशीच्या तशी आणली आहे.

दप्तरी (दुपारी २:५३)
ती एलएक्सडीई-पाय (जुना डेस्कटॉप) फोल्डरमधली असणार, ओळीच्या सुरुवातीला @ असलेली. लॅबडब्ल्यूसी ती फाइल वाचतच नाही. आरसी फाइलच्याच फोल्डरमध्ये ऑटोस्टार्ट नावाची फाइल करा. ती साधी शेल स्क्रिप्ट आहे. @ काढा आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी & लावा, नाहीतर पहिला क्रोमियम बंद होईपर्यंत दुसरी ओळ चालणारच नाही. तुमचं ते दहा सेकंद थांबणं काढून टाका, आता कोणाची वाट बघायची नाही. सर्व्हर उशिरा चालू होत असेल तरच ठेवा.

टोकनवाला (दुपारी ३:३६)
ऑटोस्टार्ट झालं. एक शेवटचं. चार वेळा रीबूट केलं, त्यात एकदा परत दोन्ही विंडो डावीकडे आल्या. का?

केबलतपास (दुपारी ३:४१)
एचडीएमआय केबल बदला.

दप्तरी (दुपारी ३:५०)
केबलला हात लावायच्या आधी सांगा, त्या वेळी उजवी स्क्रीन पाय चालू व्हायच्या आधी सुरू होती का?

टोकनवाला (दुपारी ३:५५)
नाही, ती वेगळ्या बटणावर आहे. नंतर चालू केली.

दप्तरी (दुपारी ४:०७)
तेच. स्क्रीन बंद असताना पायला ए-२ दिसत नाही, मग नियमातलं आउटपुट अस्तित्वातच नसतं आणि विंडो उरलेल्या स्क्रीनवर बसते. स्क्रीन नंतर आली तरी विंडो आपणहून तिकडे जात नाही, कारण नियम एकदाच लागून गेलेला असतो.

बूट फोल्डरच्या आतल्या फर्मवेअर फोल्डरमधली सीएमडीलाइन डॉट टीएक्सटी उघडा. त्यात एकच लांब ओळ आहे. ती तोडू नका, एंटर मारू नका, शेवटी एक स्पेस देऊन जोडा: व्हिडिओ=एचडीएमआय-ए-२:१९२०x१०८०@६०डी. शेवटचा "डी" मोठ्या लिपीतला, त्याचा अर्थ स्क्रीन जोडलेली असो-नसो, डिजिटल आउटपुट चालूच धर. ए-१ साठीही असाच वेगळा तुकडा टाका, त्याचंही बटण कधीतरी बंद राहीलच. ही फाइल चुकली तर पाय बूट होणार नाही, म्हणून आधी प्रत काढून ठेवा.

मग तपासणी मुद्दाम वाईट परिस्थितीत करा: दोन्ही स्क्रीन बंद ठेवून पाय चालू करा, दोन मिनिटांनी स्क्रीन लावा.

टोकनवाला (सायंकाळी ५:१८)
दोन्ही स्क्रीन बंद ठेवून सहा वेळा केलं. सहाही वेळा टोकन डावीकडे, दर उजवीकडे. कार्डाची इमेज काढून ठेवतोय. दप्तरी, मनापासून आभार. एक्सनिष्ठ, तुमचा एक्सवेलँडचा उपाय पण कागदावर लिहून डब्यात ठेवलाय.

पाटीवाचक (सायंकाळी ५:३०)
इमेज काढताना फॉन्ट्स-देवा टाकून मगच काढा.