मदत हवी आहे: पीटीओ शाफ्टचा खरा वेग मोबाइलच्या व्हिडिओत कसा दाखवायचा?

मळणीच्या हंगामाआधी शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर टाकायला 40 सेकंदांचा उभा व्हिडिओ करायचा आहे. विषय एकच: ट्रॅक्टरच्या पीटीओ शाफ्टवरचं (ट्रॅक्टरच्या इंजिनाची ताकद मळणीयंत्राला देणारा फिरता दांडा) गार्ड, म्हणजे संरक्षक आवरण, काढू नका. शाफ्ट मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 9. ओढणीचं टोक अडकलं की सोडवायला वेळच मिळत नाही.

अडचण अशी, की कडक उन्हात मोबाइलचं शटर फार वेगात चालतं. सेकंदाला 30 फ्रेम घेताना प्रत्येक फ्रेम स्पष्ट येते आणि शाफ्ट संथ, कधी चक्क उलटा फिरताना दिसतो. बघणाऱ्याला तो निरुपद्रवीच वाटणार! प्रो मोडमध्ये (कॅमेऱ्याची सेटिंग हाताने बदलता येतात तो मोड) शटर 1/60 सेकंद ठेवलं तर फिरण्याचा धूसर पट्टा उमटतो, पण साध्या फोनमध्ये ती सोय नसते. अशा वेळी काय करता? सावलीत किंवा संध्याकाळच्या उजेडात घेऊन भागतं का? लेन्ससमोर काळा गॉगल धरून कोणी पाहिलंय का?

चित्रीकरण लांबून, झूम करूनच होईल. चालू शाफ्टजवळ कोणालाही उभं करणार नाही.

आणखी एक. बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून सूचना पडद्यावर लिहायच्या आहेत. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ दाबला जातो आणि बारीक अक्षरं, विशेषतः जोडाक्षरं, फुटतात. कोणता फॉन्ट टिकतो, एका ओळीत किती शब्द ठेवावेत?